आता घरात घोरत कोण नाही

यशवंतपूर, बेंगळूर
२ सप्टेंबर १९९६

ती. श्यामलाआत्यास,
नयनाचा साष्टांग नमस्कार, अप्पांचे आशीर्वाद.

आधी खुशाली लिहून टाकते, नंतर रागात राहून जाईल. तुझ्या भावाचा, म्हणजे अप्पांचा, गुडघा बरा आहे. रोज बारदानाच्या वखारीत जातात, हमालांवर ओरडतात आणि घरी येऊन घसा बसला म्हणून माझ्यावर ओरडतात. माझी शाळा चालू आहे. चौथीच्या पोरांना गाणं शिकवते, म्हणजे त्यांना एका वेळी एकच जण गाऊ दे हे शिकवते.

आता खरं. मी बँड सोडला.

तुला आठवत असेल, आमची कॅसेट मुंबईच्या कंपनीकडून येणार होती. आली. कॉलेजपासून त्या बँडची सगळी गाणी मी लिहिली, इंग्रजीत. शब्द माझे, चाली माझ्या. मी मागे उभी राहून गिटार वाजवते आणि पुढे ध्रुव गातो. तर कव्हरवर छापलंय, गीत-संगीत ध्रुव आणि मित्र. मित्रांमध्ये मी. त्यावर कडी म्हणजे पेपरात त्याची मुलाखत आली. ही गाणी मला कब्बन पार्कात एकटं फिरताना सुचतात, असं म्हणालाय. आत्या, त्यातलं एक गाणं अप्पांच्या वखारीवर आहे! गोणपाटाच्या धुळीनं शिंका येतात, नाकपुड्या संध्याकाळपर्यंत काळ्या होतात, हे त्याला कब्बन पार्कात कुठल्या झाडाखाली सुचलं?

मी विचारायला गेले. बँडमध्ये माझं-तुझं नसतं म्हणाला. मग तुझं नाव तरी का आहे, असं विचारलं, तर लोकांना एकच नाव लक्षात राहतं म्हणाला. वर, तू तशीही मागेच उभी असतेस, असं अगदी प्रेमानं सांगितलं. मी गिटार उचलली आणि घरी आले.

आता मी एकटीनं गाणार आहे. ढोल-ताशा काही नको, एक गिटार आणि मी. आणि इंग्रजीतही नको. आपण घरात ज्या भाषेत भांडतो ना, अर्धी मराठी आणि स्वल्प कानडी, त्याच भाषेत. अप्पा म्हणतात, ह्या भाषेत फक्त आपलीच माणसं ऐकतील, आणि ती तर फुकट ऐकतात.

तू काय म्हणतेस ते कळव. रागाव, पण लांबलचक रागाव.

तुझी,
नयना

पुणे
११ सप्टेंबर १९९६

चि. नयनास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद, आणि त्या ध्रुवाला माझ्या शिव्या. त्या तू पोचवशील अशी खात्री आहे.

नाव ध्रुव ठेवलं म्हणून दुसऱ्याच्या जागेवर अढळ बसायचं असतं का? पत्र वाचून माझा संताप झाला. शेजारच्या कस्तुरीवहिनी विरजण मागायला आल्या होत्या, त्यांनाही वाचून दाखवलं. त्याही चिडल्या, विरजण न घेताच गेल्या. मुली, दुसऱ्याच्या तोंडचं घ्यायचं आणि वर त्यालाच मागे उभा राहा म्हणायचं, ह्याला काही लाज? सोडलास ते फार चांगलं केलंस. गा एकटी. लोकांना आवडलं नाही तर मला आवडेल.

तुझे आतोबा गेले त्याला येत्या कार्तिकात वर्ष होईल. लोक अजून सोबतीला कोणी झोपायला पाठवू का म्हणून विचारतात. मी नको म्हणते. त्यांना वाटतं, मी फार धीराची आहे.

आता कामाचं. माझ्या शंतनुची कंपनी त्याला तुमच्या बेंगळूरला पाठवते आहे. मारतहळ्ळीला आणखी मुलांबरोबर खोली घेतली आहे. कॉम्प्युटरला काय हवं ते ह्याला कळतं, पण कुकरला किती पाणी लागतं ते कळत नाही. रविवारी जेवायला बोलावत जा. वडील गेल्यापासून फार हळवा झाला आहे. बाबांचा विषय निघाला की उठून दुसऱ्या खोलीत जातो. तू जरा सांभाळून घे.

मल्हारअण्णांना, तुझ्या अप्पांना, सांग, ओरडायचं तर एकाच ठिकाणी ओरडा.

आहे तेवढी माया कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
श्यामलाआत्या

यशवंतपूर, बेंगळूर
४ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास सा. न.

शंतनु दर रविवारी येतो, जेवतो आणि इथल्या मराठीला हसतो. ‘जेवण झालं काय की’ असं अप्पा म्हणाले की त्याला उचकी लागते. पण पुरणपोळ्या अशा खातो की ह्याला माफ करावं लागतं.

रेकॉर्डिंग झालं! अप्पांचे स्नेही सुब्बाराव भजनांच्या कॅसेटा काढतात. त्यांचं घर सर्जापूर रोडला, पार गावाबाहेर. निलगिरीची बनं, नाचणीची शेतं, आणि मधे हे एकच घर. मागच्या खोलीत भिंतींना कांबळी लावली आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी मृदंगवाल्याला बोलावू का विचारलं, दुसऱ्या दिवशी बासरीवाल्याला. मी दोन्ही वेळा नको म्हटलं. मग मान हलवून सरी, सरी, नको तर नको, म्हणाले. दुपारी वीज जायची, तेव्हा आम्ही पायरीवर बसून शेंगा खायचो. वीज आली की परत सुरू. एका गाण्यात मी श्वास घेतलेला मोठ्यानं ऐकू येतो. तो काढू का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं राहू दे, माझाच आहे.

इतकी वर्षं ड्रमच्या मागे लपून वाजवलं, तेव्हा आपला आवाज असा आहे हे मला ठाऊकच नव्हतं. फार गोड नाही. पण खोटाही नाही.

अप्पांना टेप ऐकवली. सगळी ऐकून झाल्यावर त्यांनी विचारलं, बाकीचे लोक कुठे आहेत?

येत्या रविवारी मल्लेश्वरमला एका छोट्या सभागृहात माझा पहिला कार्यक्रम आहे. शंतनु ऑफिसातल्या पुण्याकडच्या मित्रांना घेऊन येणार आहे. एक गाणं आहे, ते तुला समोर बसवून ऐकवीन. पत्रात लिहून त्याची मजा जाईल.

माझ्यासाठी देवापुढे काहीतरी पुटपुट.

तुझी,
नयना

पुणे
१२ नोव्हेंबर १९९६

चि. नयना,
आज आशीर्वाद लिहायला हात वळत नाही. ते दिले आहेत असं धरून चाल.

काल शंतनुचा फोन आला. आधी नुसताच रडत होता. मग म्हणाला, तू स्टेजवर उभं राहून लोकांना सांगितलंस की, माझी पुण्याची आत्या नवरा गेल्यावर महिन्याभरानं त्याच्या दुलईची घडी घालताना मला असं असं म्हणाली. आणि मग तेच गायलीस. आता घरात घोरत कोण नाही, मला झोप लागते, बाई, मला झोप लागते. त्याचे मित्र मांड्यांवर हात मारून हसले. त्यातल्या एकाला माझं घर माहीत आहे, तो मागच्या गणपतीत इथे जेवून गेला आहे. शंतनु सभागृहातून उठून बाहेर आला. फोनवर मला विचारलं, आई, तू असं म्हणाली होतीस का?

मी नाही म्हणाले.

समजलं तुला, मी काय लिहिते आहे ते? मी माझ्या मुलाशी खोटं बोलले. त्याच्या मेलेल्या बापाबद्दल बोलले. तुझ्या एका गाण्यापायी.

दाराला कडी होती, आपण दोघीच होतो, तू माझी भाची आहेस, म्हणून तोंडातून गेलं. ते हवेत विरून जाण्यासाठी होतं. तू ते उचललंस, खिशात घातलंस आणि जाऊन मल्लेश्वरमला वाटलंस. दोन महिन्यांपूर्वी तू त्या मुलावर किती चिडली होतीस! मीही चिडले होते, वेडी. त्यानं तुझे शब्द घेतले आणि स्वतःचं नाव लावलं. तू माझे घेतलेस आणि नाव माझंच ठेवलंस. ह्या दोन्हींत मला तरी तोच जास्त बरा वाटतो.

ते गाणं काढून टाक. उत्तर नाही पाठवलंस तरी चालेल.

श्यामला

यशवंतपूर, बेंगळूर
१८ नोव्हेंबर १९९६

ती. आत्यास,
नमस्कार घ्यायचा की नाही ते तू ठरव.

पाठवू नको म्हणालीस तरी पाठवते आहे, कारण अर्ध्याच गाण्यावर शिक्षा झालेली मला चालणार नाही. मी तुझं नाव घेतलं नाही. ‘माझी पुण्याची आत्या’ एवढंच म्हणाले. मला एकच आत्या आहे हे तेव्हा डोक्यात आलं नाही. लोक हसले ते पहिल्या ओळीला. पुढच्या कडव्यात तू मध्यरात्री उठून त्यांना पाणी देतेस, त्यांचा रेडिओ बंद करतेस, खिडकी लावतेस, परत उघडतेस, आणि सकाळी सगळे म्हणतात की बाई, तुझे यजमान किती शांत! त्याला कोण हसलं नाही. शंतनु तोवर निघून गेला होता, म्हणून त्यानं तुला पहिली ओळच सांगितली.

तू ते वाक्य बोललीस आणि लगेच उशीला अभ्रा घालायला लागलीस, जणू दूध उतू गेलं एवढंच सांगितलंस. बेंगळूरला येईपर्यंत गाडीत ते माझ्या कानात होतं. इतकं खरं बोललेलं मी कधी ऐकलं नव्हतं. ते विरून जाऊ द्यायला हवं होतं असं मला अजूनही वाटत नाही. पण विचारायला हवं होतं. विचारलं नाही, कारण तू नाही म्हणशील हे ठाऊक होतं.

सुब्बारावांना सांगून गाणं काढलं आहे. ते फार हळहळले. शंतनु रविवारी आला नाही. अप्पा त्याच्यासाठी दोनदा दारात जाऊन आले.

मला ध्रुवाच्या पंक्तीत बसवलंस ते जिव्हारी लागलं. लागणारच होतं.

नयना

पुणे
२७ नोव्हेंबर १९९६

चि. नयनास आशीर्वाद.
कार्डावर लिहिते, कारण पाकिटात घालण्यासारखं काही नाही. गाणं काढलंस, बरं झालं. विषय संपला. वर्षश्राद्धाला शंतनु येऊन गेला, माझ्याशी बेताचंच बोलला. इकडे थंडी आहे. अण्णांना गुडघ्याला पट्टा बांधायला सांग.
श्यामलाआत्या

यशवंतपूर, बेंगळूर
२० जानेवारी १९९७

ती. आत्यास सा. न.

विषय संपला होता, पण तो परत दारात येऊन उभा राहिला आहे. ह्या वेळी मी आधी विचारते आहे.

मी काढायला सांगण्याच्या आधीच सुब्बारावांनी सगळी टेप मुंबईच्या एका मराठी कॅसेट कंपनीला पाठवली होती. तिथले साहेब परवा बेंगळूरला आले. मोठ्या हॉटेलात मला आणि सुब्बारावांना भेटले. त्यांना बाकीची गाणी ठीक वाटली, पण तुझं गाणं फारच आवडलं. कॅसेट काढायची तर तेच पहिलं, असं म्हणाले. फक्त थोडे बदल हवेत. सारंगी हवी, मागे बायकांचा कोरस हवा. ‘कोण नाही’ हे अशुद्ध आहे, ‘कोणी नाही’ हवं. आणि मुख्य म्हणजे दुसरी ओळ. ‘मला झोप लागते’ च्या जागी ‘मला झोप लागत नाही’ करायचं. घरात घोरणारं कोणी नाही म्हणून बिचारीला झोप नाही. विधवेचं दुःख, असं म्हणताना त्यांनी डोळे मिटले. महाराष्ट्रातली प्रत्येक बाई रडेल, म्हणाले.

माझा हात चहाच्या कपावर होता. तो कप मी त्यांच्यावर टाकला नाही, ही अप्पांची पुण्याई. एक शब्द बदलून त्यांनी अख्खी बाई बदलली, आणि त्यांना वाटतंय सुधारणा केली! मी नाही म्हटलं. त्यांनी आठवडाभर विचार करा म्हटलं.

पण ऐक, काल शंतनु आला. इतक्या दिवसांनी, म्हैसूरपाक घेऊन. सुब्बारावांनी त्याला सांगितलं होतं. त्याला बदल फार पसंत आहे. बाबांची अब्रू राहील, आई खरंच असं म्हणाली नव्हतीच, म्हणजे गाणं आता खरं होईल, आणि तुझी कॅसेटही निघेल, असं म्हणाला. अगदी आनंदानं बोलत होता. मी तोंड घट्ट मिटून घेतलं, कारण ते उघडणं माझ्या हातात नाही.

आत्या, वाक्य तुझं आहे. तू नको म्हणालीस तर ते कुठल्याच रूपात जाणार नाही, आणि मग कंपनीही जाईल. मला त्याचं दुःख होईल, पण ते माझं मी बघेन. शंतनुच्या आवृत्तीला हो म्हणालीस तर दुसऱ्या कोणाला गायला दे. मी गाणार नाही.

उत्तराची वाट बघणारी,
नयना

पुणे
२७ जानेवारी १९९७

चि. नयनास,
आत्याचे आशीर्वाद. अगदी मनापासून, आणि दात ओठ खात.

कोण हा मेला साहेब? मला झोप लागत नाही हे त्याला कोणी सांगितलं? तो माझ्या उशाशी बसला होता काय की?

तुझं पत्र आलं तेव्हापासून मी घरभर फिरते आहे. माझ्या तोंडून गेलेलं तू गायलंस, तेव्हा मला लाज वाटली, राग आला. पण ते खरं होतं म्हणून लाज वाटली ना? आता हा माणूस माझ्या तोंडात रडणं घालतो आहे, तर लाज वाटत नाही, नुसती आग होते आहे. लग्न होऊन आले तेव्हापासून ह्या गावात माझं बोलणं दुरुस्त करतात. ‘कोण नाही’ म्हटलं की तुझे आतोबा पाहुण्यांसमोर थांबवायचे, ‘कोणी’ म्हण म्हणायचे, आणि पाहुणे हसायचे. मी शिकले. इतकी शिकले की पत्रंसुद्धा त्यांच्यासारखी लिहू लागले. आता झोपसुद्धा दुरुस्त करणार?

तुला सांगते, गाणं ऐकून वाटतील तसे ते वाईट नव्हते, आणि लोक म्हणायचे तसे शांतही नव्हते. हात कधी उगारला नाही. आजारी पडले तर डॉक्टर आणायचे. पण रात्र माझी कधी नव्हती. पाणी दे, पाय दाब, खिडकी लाव, आणि तुला झोप कशी येते, मी जागा असताना? ते गेले तेव्हा मी रडले, ते खोटं नव्हतं. आणि मग झोपले, तेही खोटं नव्हतं. दोन्ही एकाच बाईला होऊ शकतं, हे त्या साहेबाला सांग. डोळे उघडे ठेवून ऐक म्हणावं.

काल मी शंतनुला स्वतः फोन लावला. कोपऱ्यावरच्या बूथमधून, काच बंद करून. सांगितलं की मी तुझ्याशी खोटं बोलले, मी तसंच म्हणाले होते. मग त्यानं विचारलं, आई, मग आम्हाला कसं कधी कळलं नाही? मी म्हटलं, तुला झोप चांगली लागायची, बाळा. त्यानं फोन ठेवला. रागानं की कशानं, माहीत नाही. पण ठेवू दे. मला हलकं वाटतं आहे.

तेव्हा माझा निर्णय लिहून घे. कंपनी गेली तर जाऊ दे. सारंगी नको, कोरस नको, ‘कोणी’ नको. जसं आहे तसं गा. आणि ‘पुण्याची आत्या’ असं लपवून नको, माझं नाव घाल, पूर्ण. चोरीनं नको, हक्कानं घे.

राग संपलेला नाही, पण त्याचा पत्ता बदलला आहे.

तुझी,
श्यामलाआत्या

पुणे
६ एप्रिल १९९७

चि. नयनास आशीर्वाद, मल्हारअण्णांना नमस्कार.

कॅसेट मिळाली. शंतनु स्वतः घेऊन आला, कळवल्याशिवाय, पहाटेच्या गाडीनं. तुमच्या सुब्बारावांनी भजनांच्या कॅसेटांबरोबरच ती काढली, आणि कव्हरवर देवाऐवजी तुझा गिटारवाला फोटो बघून दुकानदार गोंधळतात, हे त्यानं हसत सांगितलं. हसला म्हणून मला बरं वाटलं. आत बारीक अक्षरात माझं नाव आहे. बोट फिरवून बघितलं.

दुपारी जेवणं झाल्यावर त्यानंच कॅसेट लावली. माझ्याकडे पाठ करून, खिडकीशी उभा राहिला. तुझा आवाज असा एकटा, उघडा ऐकून पहिल्यांदा जरा दचकले. मग सवय झाली. माझं गाणं आलं तेव्हा तो तसाच उभा होता. पाण्याच्या कडव्याला येऊन माझ्या शेजारी बसला. त्याचा राग गेला असं मी म्हणणार नाही. पण ह्या वेळी तो उठून गेला नाही.

दार उघडंच होतं. कस्तुरीवहिनी वाटी घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या, कधीपासून कोण जाणे. त्यांचे यजमान दुपारचे आडवे झाले होते, भिंतीपलीकडून त्यांचं घोरणं आमच्याकडे ऐकू येत होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता ही बाई गल्लीभर सांगणार, असं वाटून मी टेप बंद करायला उठले.

वहिनी आत आल्या. वाटी खाली ठेवली. पलीकडच्या भिंतीकडे एकदा बघितलं, आणि शंतनुला म्हणाल्या, आवाज थोडा बारीक कर, बाळा, आणि पुन्हा पहिल्यापासून लाव.

तुझीच,
श्यामलाआत्या